धुतलेला कोंडा

सलग नवव्या आठवड्यात आकडा खाली आला, तेव्हा बाईंना धक्का वगैरे बसला नाही. त्यांना नुसतं बसावंसं वाटलं. प्रयोगशाळेत खुर्ची एकच, आणि तिच्यावर वह्यांची चळत. ती उचलून ठेवायला दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून त्या टेबलाला टेकून उभ्याच राहिल्या आणि आकडा वहीत उतरवला. सव्वीस. शेजारी वार घातला, सोमवार.

कारखाना तसा लहान. एक लांब, दमट खोली. तिच्यात लोखंडी मांडण्यांवर स्टीलचे दोनशे ट्रे. प्रत्येक ट्रेमध्ये बोटभर जाडीचा वाफवलेला, ओलसर गव्हाचा कोंडा, आणि कोंड्यावर वाढवलेली बुरशी. बुरशीला तोंड नसतं, पोटही नसतं. ती आपला पाचक रस अंगाबाहेर सोडते, समोरचं अन्न जागच्या जागी विरघळवते आणि मग शोषून घेते. त्या रसातलं एन्झाइम हाच या कारखान्याचा माल. चार दिवसांनी ट्रेमधला कोंडा पाण्यात खळबळून गाळला की तपकिरी अर्क निघे. तो कॅनमध्ये भरून कापड धुणाऱ्या कारखान्यांकडे जाई. नव्या सुती कापडावर जी बारीक लव असते ती या एन्झाइमनं विरघळे आणि कापड गुळगुळीत होई.

नऊ आठवडे ती लव हट्टानं जागेवर बसून होती, आणि तक्रारींची पत्रं बाईंच्या टेबलावर.

साहेब नेहमीप्रमाणे दारातूनच बोलले. आत येऊन बोलण्यात वेळ जातो असं त्यांचं मत असावं. कामगारांनी त्यांचं नाव ‘लगेच’ ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि थोडं आवडतही होतं.

“किती आला?”

“सव्वीस.”

“मागच्या वेळी?”

“एकोणतीस. पूर्वी पंचावन्नच्या खाली कधी गेला नव्हता.”

“आणि बुरशी बघा, कशी फुललीय! कापसाची गादी नुसती. खाऊनपिऊन टुणटुणीत. मग एन्झाइम जातंय कुठं?”

“तेच शोधतेय साहेब.”

“मी शोधलंय. घाण मिसळतेय. दुसरीच कुठली तरी बुरशी शिरलीय. ट्रेला हात कुणाचा लागतो? मावशींचा.”

“मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. बुरशी आपलीच आहे, परकी एकही नाही.”

“मग आपलीच बिघडली असेल. आपोआप बिघडते का? बाई, तुम्ही नळ्यांत डोकं घालून बसता, मी माणसं बघतो. मावशींचे हात थरथरतात आताशा. शनिवारपासून त्या नकोत. नवं माणूस घेऊ, नवी बुरशी मागवू. पत्र तयार करायला सांगतो लगेच.”

ते गेलेसुद्धा. दार हलत राहिलं.

मावशी म्हणजे ट्रेच्या खोलीतल्या जुन्या कामगार. बावीस वर्षं त्या कोंडा भिजवत, ट्रे भरत आणि रिकामे करत आल्या होत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. घरी एक मुलगी आणि मुलीची मुलगी, आणि तिघींत कमावणाऱ्या त्या एकट्या. हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनाही असणार; फक्त ते आठवायला थांबावं लागलं असतं.

बाईंनी वही मागं उलटायला घेतली. उत्तर सापडेल म्हणून नाही. हातांना काहीतरी काम हवं होतं, इतकंच.

रोजची तपासणी त्यांना झोपेतही करता आली असती. काचेच्या नळीत गाळणकागदाची पट्टी गुंडाळून ठेवायची, तिच्यावर अर्क घालायचा, तासभर कोमट पाण्यात उभी करायची. एन्झाइम जोमदार असेल तर कागदाची साखर होते. मग पिवळं रसायन घालून पाच मिनिटं उकळायचं. जितकी साखर जास्त, तितका रंग विटकरी आणि आकडा मोठा. आणि शेजारी एक नळी कागद न घातलेली. अर्कात मुळातच जी काही साखर असेल ती हिच्यात दिसते. हिचा आकडा पहिल्या आकड्यातून वजा करायचा, उरेल तो खरा.

वजा करायचा आकडा कुणी वाचत नाही. बाई सतरा वर्षं तो लिहीत आणि वजा करत आल्या होत्या. आज पहिल्यांदा त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवून ते खाली आणलं. आठ. सात. आठ. नऊ. आठ. आणि मग एकदम एकवीस. त्यानंतर सव्वीस, तीस, एकतीस.

त्यांनी बोट तिथंच ठेवलं.

कागद नसतानाही नळी विटकरी होत होती, म्हणजे अर्कात आधीच साखर होती, बुरशीनं खाऊन उरलेली. म्हणजे बुरशीला खाता येईल त्याहून जास्त साखर मिळत होती. आणि हे तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतात: साखर किंवा पिठासारखं सोपं अन्न समोर असलं की बुरशी कोंड्याच्या चिवट धाग्यांना हात लावत नाही, आणि धागे पचवणारं एन्झाइम तयारच करत नाही. करेल कशाला? ती सोपं खाते, फुगते, पांढरीशुभ्र होते. सोपं संपलं की मगच कामाला लागते. इथं ते संपतच नव्हतं.

पण कोंडा तोच होता, गिरणीही तीच. मग पीठ जास्त कुठून येत होतं?

आकडा चढला त्या आठवड्याची तारीख बाईंनी पाहिली, आणि पान उलटण्याआधीच त्यांना आठवलं. खूप दिवस न झोपलेल्या माणसाला अजून एक काम सांगावं तसं झालं.

दहा आठवड्यांपूर्वी मोठ्या गिऱ्हाइकाकडून तपासणी यायची होती. त्यांची अट होती की प्रत्येक कामाची कार्यपद्धती लेखी हवी: एका रकान्यात पायरी, दुसऱ्यात तिचं कारण. बाईंनी आठ दिवस बसून ती लिहिली. कोंडा वाफवणं, कारण इतर जंतू मरावेत. ट्रे पातळ भरणं, कारण हवा खेळावी. आणि मग एक पायरी आली जिचं कारण कुठंच सापडेना. मावशी कोंडा भिजवण्याआधी गरम पाण्यानं तीनदा धुवायच्या आणि ते पाणी ओतून द्यायच्या. कुठल्या पुस्तकात नव्हतं, कुठल्या कागदावर नव्हतं. रोज आठशे लिटर पाणी जात होतं. बाईंनी ती पायरी वगळली. खाली सही केली. सही त्यांची नेहमीच सुरेख यायची.

त्या उठून ट्रेच्या खोलीत गेल्या. मावशी ट्रे पुसत होत्या. हात थरथरत होते, खरं होतं ते. पण ट्रे आरशासारखे होते.

“मावशी, तुम्ही कोंडा धुवायचात, तो कशासाठी?”

“आता विचारताय होय?”

“सांगा ना.”

“मला शिंका यायच्या.”

“काय?”

“कोरडा कोंडा ओतला की पीठ उडतं, सरळ नाकात. धुतला की नाही उडत.” मावशींनी ट्रे मांडणीवर सरकवला. “माझ्या आधी जी होती, तीही धुवायची. तिला विचारलं तर म्हणाली, धुवायचा असतो. मग धुतला. तुम्हाला कारण लिहायचं होतं तेव्हा मी म्हटलं नाही का, बाई, पहिल्यापासून चालत आलंय, राहू द्या? तुम्ही म्हणालात, मावशी, पाणी किती जातं बघा तरी.”

“म्हणाले होते.”

“तेही खोटं नव्हतं. माझी कंबर सुखावली. शिंका तेवढ्या परत आल्या.”

“पाणी कसं निघायचं?”

“दुधासारखं. पहिलं तर अगदी घट्ट.”

घट्ट दुधासारखं. नऊ आठवडे ते दूध त्यांनी बुरशीला पाजलं होतं.

“आज चार ट्रे वेगळे लावू या,” बाई म्हणाल्या. “दोन धुतलेल्या कोंड्याचे, दोन तसेच. धुऊन द्याल?”

“का हो? काय झालं?”

“बघायचंय मला.”

मावशींनी धुऊन दिला. त्यांना पत्राचं ठाऊक नव्हतं. बाईंना सांगता आलं असतं. त्या घंगाळापाशी उभ्या राहून मावशींचे कोपरापर्यंत ओले हात पाहत राहिल्या, आणि आधी खात्री होऊ दे, असं स्वतःला म्हणाल्या.

घरी नवरा भूगोलाच्या उत्तरपत्रिका तपासत बसला होता. तो शाळेत शिक्षक. जेवणं झाल्यावर बाईंनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं लाल पेन न ठेवता ऐकलं.

“म्हणजे असेल हरी तर देईल खाटल्यावरी, अशी गत झाली म्हण तुझ्या बुरशीची.”

“हो. पण खाटल्यावर आणून मी दिलं.”

“अगं, तुला थोडंच ठाऊक होतं? ज्याला कारण नाही ते काढून टाकायचं, यात चुकलं काय?”

“कारण होतं. मला माहीत नव्हतं, एवढंच. आणि मी ते शोधलं नाही. दोन ट्रे लावून बघायला हवे होते, चार दिवसांचं काम. तपासणीची घाई होती.”

“मग आता गुपचूप धुणं सुरू कर. आकडा वर येईल, साहेब खूश, मावशी राहतील. कशाला कुणाला काही सांगायचं? पुढच्या महिन्यात तुझी बदली आहे.”

बदली मोठ्या प्रयोगशाळेत होती. घरापासून चालत दहा मिनिटं. बाई चार वर्षं तिची वाट पाहत होत्या. तिथं प्रत्येकाला खुर्ची आहे, असं त्या गमतीनं म्हणायच्या, पण ती गंमत नव्हती.

“गुपचूप केलं तर आकडा यायला चार दिवस. लगेच दुसऱ्या दिवशी शनिवार, मावशींचं पत्र.”

“मग चार दिवसांनी सांग. खात्री झाल्यावर. आधीच कशाला हात दाखवून अवलक्षण?”

“हो,” बाई म्हणाल्या. त्यांनाही तेच ऐकायचं होतं. त्या भांडी आवरायला उठल्या आणि मध्येच, हातात झाकण घेऊन, बराच वेळ उभ्या राहिल्या.

खात्री खरं तर बुधवारीच झाली होती. न धुतलेल्या ट्रेवर तीच कापसाची गादी. धुतलेल्यांवर बुरशी विरळ, जाळीसारखी, खालचा कोंडा दिसत होता. कुणालाही वाटलं असतं, ही उपाशी मरतेय. गुरुवारी ती कडेनं हिरवट व्हायला लागली, पूर्वी व्हायची तशी. बाईंनी झाकण उचललं, पाहिलं, परत ठेवलं. आकडा आल्याशिवाय बोलायचं नसतं, हे त्यांना फार पूर्वी शिकवलं होतं आणि ते बरोबरच होतं. पण या चार दिवसांत आपण ते किती आनंदानं पाळतोय, हेही त्यांना दिसत होतं. मावशी रोज त्यांच्यासमोर ट्रे भरत होत्या, नाकाला पदर लावून शिंकत होत्या आणि “काय म्हणतंय तुमचं बघणं?” असं विचारत होत्या. “उद्या कळेल,” असं बाई रोज सांगत होत्या.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला नळ्या उकळत्या पाण्यातून बाहेर आल्या. रंग पाहूनच कळलं, तरी बाईंनी तो तीनदा मोजला. न धुतलेला चोवीस, धुतलेला अठ्ठावन्न. आणि धुतलेल्याची कागदाविना नळी स्वच्छ पिवळी, लिंबासारखी.

त्या वही घेऊन ट्रेच्या खोलीकडे निघाल्या. खोलीत मावशी नव्हत्या. वाफेच्या टाकीवरचा कामगार तेवढा होता. त्याला सगळे इंजिन म्हणायचे, कारण तो टाकीसारखाच सुस्कारे सोडत बोलायचा.

“मावशी गेल्या. साहेबांनी बाराला बोलावून पत्र दिलं.”

“पत्र शनिवारी द्यायचं होतं.”

“शनिवारी द्यायचं ते शुक्रवारी दिलं. ‘लगेच’ नाव उगाच पडलंय का?” त्यानं सुस्कारा सोडला. “चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर कोण ते मला ठाऊक नाही बाई, पण मावशी नाहीत एवढं सांगतो.”

बाई तशाच साहेबांच्या खोलीकडे गेल्या. साहेबही निघून गेले होते.

शनिवारी सकाळी साहेब यायच्या आधी बाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी वही टेबलावर उघडून ठेवली आणि दोन मिनिटांत सांगितलं. साहेबांना कळायला एकच मिनिट लागलं. बुद्धीनं ते मंद नव्हतेच.

“वा! म्हणजे नवी बुरशीही नको. सुटलो. धुणं सुरू करा लगेच.”

“आणि मावशींचं पत्र?”

“ते गेलं ना.”

“परत घ्यावं लागेल.”

साहेब पहिल्यांदाच खुर्चीत नीट बसले. “बाई, मी वर ‘अस्वच्छता’ म्हणून कळवलंय. ते खोडायचं तर त्या जागी दुसरं कारण द्यावं लागेल. गिरणीनं कोंडा बदलला, असं लिहू या? कुणाचंच नाव येत नाही.”

“गिरणीनं काही बदललं नाही. मी बदललं. माझी सही आहे.”

“मला दिसतंय तुमची सही. तुम्हाला दिसतंय का, तुमच्या बदलीची शिफारसही याच टेबलावर आहे? दोन्ही कागद एका लखोट्यात घालून वर पाठवले तर लोक हसतील मला.”

“मग ती ठेवून घ्या.”

“रागानं बोलू नका.”

“रागानं नाही साहेब. राग यायला जोर लागतो.” बाईंनी कागद ओढून घेतला. “चार ओळी लिहिते. आज दुपारपर्यंत वर जायला हवं.”

त्यांनी लिहिलं: धुण्यानं कोंड्यातलं सुटं पीठ आणि साखर निघून जाते. ती राहिल्यास बुरशी वाढते, पण एन्झाइम करत नाही. ही पायरी मी चाचणी न घेता वगळली. ट्रेच्या खोलीतल्या कामगाराचा यात दोष नाही. खाली सही. साहेबांनी वाचलं, मान हलवली आणि उसासा टाकून शिक्का शोधायला लागले. शिक्का लगेच सापडेना.

फोन मावशींच्या मुलीनं उचलला आणि आईकडे दिला. बाईंनी सांगितलं. पत्र रद्द होतंय, चूक माझी होती, कोंडा न धुतल्यानं सगळं झालं.

“सोमवारी माहीत होतं तुम्हाला?”

“संशय होता.”

“मला धुवायला लावलंत तेव्हा?”

“हो.”

“आणि पत्राचं?”

“तेही माहीत होतं, मावशी.”

“चार दिवस मी तुमच्यासमोर ट्रे भरत होते.”

“हो.”

“काल साहेब म्हणाले, तुमच्या हातांनी बुरशी बिघडते. मी घरी येऊन हात बघत बसले. मुलीला म्हटलं, वास घेऊन बघ गं, माझ्या हातांना कसला वास येतो का.” मावशींचा आवाज चढला नव्हता, उतरलाही नव्हता. “ती रडायला लागली. मी नाही रडले. मला वाटलं, येत असेलही.”

बाईंनी फोन कानाला घट्ट धरला. माफी मागायचे शब्द होते, आणि त्यांनी ते म्हटलेही. ते मावशींपर्यंत पोचले की नाही, कळलं नाही.

“सोमवारी येते,” मावशी म्हणाल्या. “आज नाही. आज तुम्ही बघा.”

“कोंडा मी धुते. किती वेळा धुऊ?”

“तीनदा. कधी चारदा. ते काही ठरलेलं नसतं.” मग जरा थांबून, “हाताला पीठ लागतंय तोवर धुवा. लागायचं थांबलं की कळतं.” आणि फोन ठेवला.

त्या दिवशीच्या ट्रेंसाठी साठ किलो कोंडा होता. इंजिननं पोती घंगाळापर्यंत आणून दिली आणि, “टाकी सोडून मला हलता येत नाही हो,” असं म्हणत परत गेला. बाईंनी बाह्या वर केल्या. पहिलं पाणी खरंच घट्ट दुधासारखं निघालं. ओल्या कोंड्याचं वजन दुप्पट होतं. चाळणीतून उपसताना पाठीत कळ गेली, आणि हे मावशी रोज करायच्या, साठीला टेकलेल्या मावशी, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. दहा आठवड्यांपूर्वी त्यांनी पाणी मोजलं होतं. पाठ मोजली नव्हती.

दुसरं पाणी ताकासारखं. तिसरं पातळ, पण गढूळच. बाईंनी हात आत घातला, बोटं एकमेकांवर चोळली. काहीतरी चिकट लागलं, की नुसतंच गरम पाणी? त्यांनी हात बाहेर काढून उजेडाकडे धरला, परत आत घातला.

“बाई, वाफ तयार आहे!” इंजिननं तिकडून हाक मारली. “झाला का कोंडा?”

“नाही अजून.”

“मावशींचा तर एव्हाना होऊन जायचा.”

“माहीत आहे रे बाबा,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चौथ्या पाण्यासाठी नळ सोडला.